पॅरिसचं यंत्र, चिनी रूप: जुनं शिन्वाझरी घड्याळ पारखण्यापासून चालवण्यापर्यंत

हत्तीच्या पाठीवर घड्याळाचा गोल डबा, डब्याच्या माथ्यावर छत्री घेऊन बसलेला चिनी माणूस, हत्तीच्या पायाखाली वळणावळणाची सोनेरी वेलबुट्टी. लिलावाच्या यादीत असं काही आलं की विकणारे बिनदिक्कत ‘चायनीज क्लॉक’ लिहून मोकळे होतात. पण हत्ती पॅरिसमध्ये ओतलेला, यंत्र पॅरिसचं, आणि तो चिनी माणूस घडवणाऱ्या कारागिराने चीन कधी पाहिलेलाही नसतो. या शैलीला फ्रेंच लोक शिन्वाझरी म्हणतात. जहाजांतून आलेली चिनी भांडी, लाखेच्या पेट्या आणि पडदे बघून फ्रान्सने मनाशी रंगवलेला हा चीन.

असं घड्याळ घरात वारशाने आलं असेल, मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर दिसलं असेल किंवा परदेशातल्या लिलावात बोली लावायचा विचार असेल, तर पुढच्या क्रमाने ते तपासा. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या: हे घड्याळ मुळातच जोडकाम आहे. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये कारागिरांच्या संघांचे नियम कडक होते. धातू ओतणारे वेगळे, सोन्याचा मुलामा चढवणारे वेगळे, घड्याळजी वेगळे. या सगळ्यांकडून कामं करून घेऊन वस्तू दुकानात मांडायचा तो ‘मार्शां-मेर्सिए’ नावाचा व्यापारी. ‘सगळं विकणारे, काहीच न बनवणारे’ असा टोमणा या मंडळींना तेव्हाच मिळाला होता. त्यांच्यातल्या लाझार द्युव्होची १७४८ ते १७५८ या काळातली रोजकीर्द आजही उपलब्ध आहे, आणि त्या धंद्याची कल्पना तिच्यावरून येते. चीनमधून आलेलं भांडं, जर्मनीतल्या माइसेनची बाहुली, फ्रान्सच्याच व्हँसेनची चिनीमातीची फुलं, त्यांना सांधणारं सोनेरी कासं आणि मधोमध घड्याळ, अशी मोट हे व्यापारी बांधत.

म्हणून ‘सगळं एकाच हातचं आहे का?’ हा प्रश्न इथे गैरलागू आहे. जोडणी केव्हाची आहे, ते विचारा. १७५० च्या सुमारास दुकानात झालेली जोडणी असेल तर ती अस्सल. अर्धं घड्याळ मोडल्यावर शंभर वर्षांनी दुसऱ्याचं यंत्र आत बसवलं असेल, तर त्याला या धंद्यात ‘मॅरेज’ म्हणतात आणि किंमत धाडकन खाली येते.

आधी काळ ठरवा

अशी घड्याळं मुख्यतः दोन लाटांत बनली. पहिली पंधराव्या लुईच्या काळातली, साधारण १७३० ते १७६०. तिची पूर्वतयारी आधीपासून चालली होती. चौदाव्या लुईने १६७० मध्ये व्हर्सायच्या आवारात निळ्या-पांढऱ्या फरशांचा ‘पोर्सेलीनचा त्रियानों’ हा छोटा महाल बांधला होता. १६९८ मध्ये ‘आंफित्रीत’ हे फ्रेंच जहाज चीनच्या कँटन बंदराला निघालं आणि १७०० मध्ये माल भरून परतलं. पुढे फ्रांस्वा बूशेसारख्या चित्रकारांनी चिनी देखाव्यांची चित्रं काढली आणि ओतारी त्यांवरून बाहुल्या घडवू लागले.

या लाटेतलं माझं आवडतं उदाहरण गेंड्याचं आहे. क्लारा नावाची भारतीय गेंडी १७४९ मध्ये पॅरिसच्या जत्रेत दाखवायला आणली गेली आणि सारं शहर तिच्यामागे वेडं झालं. लवकरच हत्तींच्या जोडीने गेंड्याच्या पाठीवरची घड्याळं बाजारात आली. माथ्यावर मात्र तोच चिनी माणूस! गेंडा भारतातला, माणूस चीनचा, वेलबुट्टी पॅरिसची. पूर्वेकडचं सगळं एकाच खात्यात जमा करायला गिऱ्हाइकांची काही हरकत नव्हती. हत्ती आणि गेंड्याच्या घड्याळांसाठी झां-जोझेफ द सँ-जेर्मां हा ओतारी सर्वांत प्रसिद्ध. आपल्या कामावर नावाचा ठसा मारणाऱ्या थोड्या ओताऱ्यांपैकी तो एक होता.

दुसरी लाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि बाजारात तुमच्या हाती लागेल ते बहुधा हिच्यातलंच. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या लुटीतल्या वस्तू सम्राज्ञी युजेनीने फाँतेनब्लोच्या राजवाड्यात १८६३ मध्ये चिनी संग्रहालय करून मांडल्या. मग १८६७, १८७८, १८८९ ची पॅरिसची जागतिक प्रदर्शनं आली, त्यातच जपानचं वेड मिसळलं. एदुआर लिएव्रसारखे आराखडे करणारे, बार्बेदिएनसारखे ओतशाळावाले आणि ‘लेस्कालिए द क्रिस्ताल’सारखी दुकानं या काळातली. ड्रॅगनच्या आकाराचे कान, बांबूच्या पेरांसारखे खांब, हत्तीच्या सोंडांचे पाय, रंगीत मिन्याच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना जुळे मेणबत्तीदान किंवा कलश असा तीन नगांचा संच दिसला की काळ बहुतेक १८७० नंतरचा.

या दोहोंत घोळ होतो, कारण दुसऱ्या लाटेतल्या कारखान्यांनी पहिल्या लाटेतले हत्ती-गेंडेही हुबेहूब ओतून विकले. तेव्हा नुसत्या रूपावर जाऊ नका. धातू आणि यंत्र काय सांगतात ते ऐका.

धातू हातात घेऊन बघा

घड्याळ शक्यतो दोन्ही हातांनी, तळाला आधार देऊन उचला. माथ्यावरची बाहुली धरून कधीही उचलू नका. कासं असेल तर वजन अंदाजापेक्षा जास्त भरतं. नखाने टिचकी मारली की कासं किणकिणतं आणि नाद थोडा टिकतो. जस्ताच्या मिश्रणाचा आवाज बद्द येतो. फ्रान्समध्ये या जस्ताच्या ओतीवाला ‘रेग्यूल’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वस्तातली घड्याळं त्याची बनू लागली. वरून सोनेरी रंग एकसारखाच दिसतो, म्हणून घड्याळ उलटं करून तळाशी, स्क्रूच्या भोकाजवळ किंवा झिजलेल्या कडेला बघा. आतून पिवळसर-लालसर धातू डोकावला तर कासं किंवा पितळ, करडा-पांढुरका डोकावला तर जस्त. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे ‘चुंबकाने तपासलंय’ या बोलण्याला इथे फारसा अर्थ नाही.

मग मुलामा. अठराव्या शतकात तो पाऱ्याचा असे. पाऱ्यात कालवलेलं सोनं कास्यावर लावून तापवायचं. पारा उडून जातो, सोनं धातूला धरून राहतं. त्या वाफेने कित्येक मुलामेवाले झिजून मेले. १८४० च्या दशकात विजेने मुलामा चढवायची पद्धत आली आणि फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्लने तिचे हक्क १८४२ मध्ये घेतले. जुन्या कामात काही भाग मुद्दाम मंद, दाणेदार ठेवलेले आणि काही घोटून आरशासारखे केलेले असतात. चिनी माणसाच्या अंगरख्याच्या घड्या मंद, तर काठ झळाळता, अशी ही गंमत. तुकडा सोडवून मागची बाजू पाहता आली तर तिथे मुलामा नसतो किंवा कडेवरून ओघळलेला दिसतो, आणि ओतीव खडबडीत असतं. विजेच्या मुलाम्यात पुढचं-मागचं सगळं सारखंच पिवळं निघतं. हा नियम शंभर टक्के नाही, कारण जुन्या वस्तूंना नंतर पुन्हा विजेने मुलामा दिलेला असू शकतो. पण तेही कळायलाच हवं, त्याने किंमत घटते.

भिंगातून बारीक काम पाहा. हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या छिन्नीने एकेक मारलेल्या असतील, तर कडा तीक्ष्ण आणि प्रत्येक रेघ थोडी वेगळी असते. आधीच्या वस्तूवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्याच सुरकुत्या साबण विरघळल्यासारख्या गुळगुळीत होतात. भिंग हातात असतानाच मुकुटाखाली ‘सी’ हे रोमन अक्षर असलेला इवलासा शिक्का शोधा. १७४५ ते १७४९ या काळात तांब्याच्या मिश्रधातूंवर कर होता आणि भरलेल्या कराची ती खूण होती. सापडला तर आनंदच आहे, पण तो नंतर खोटाही मारलेला आढळतो आणि अस्सल वस्तूवर नसूही शकतो. एवढ्यावर निकाल देऊ नका.

चिनीमाती, लाख आणि मिना

भांडं किंवा बाहुली खरंच चीनची आहे का, हे ओळखायला नजर लागते आणि ती पुस्तकातून येत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी आणि जपानी भांडी आहेत. ती निवांत बघून या: चकाकीचा पोत, पांढऱ्यातली निळसर झाक, तळाच्या कड्याचा कच्चा भाग. पॅरिसच्या सामसों कारखान्याने एकोणिसाव्या शतकात चिनी आणि माइसेनच्या नकला इतक्या सफाईने केल्या की त्याही आता गोळा केल्या जातात. फक्त त्यांचा भाव निराळा.

चिनीमातीचे तुकडे अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने अंधाऱ्या खोलीत तपासा. डिंक, नवा रंग, भेगांत भरलेली पुट्टी वेगळी चमकून उठते. मान, बोटं आणि छत्रीची दांडी या तीन जागा हमखास मोडलेल्या असतात. व्हँसेनच्या फुलांपैकी दोनचार पाकळ्या उडालेल्या असणं मात्र वयाला साजेसंच आहे. एकही टवका नसेल तर मला उलट शंका येते.

काळ्या किंवा लाल पृष्ठभागावर सोनेरी देखावे असतील तर ती लाख आशियातली किंवा फ्रेंच ‘व्हेर्नी मार्तां’ असू शकते. मार्तां घराण्याने पूर्वेकडच्या लाखेची बरोबरी करायला हे रोगण विकसित केलं. त्यावरच्या बारीक तड्यांना घाबरायचं कारण नाही. पापुद्रे सुटत असतील तर मात्र लगेच तज्ज्ञाकडे न्या.

दुसऱ्या लाटेतल्या रंगीत घड्याळांना सर्रास ‘क्लॉझोने’ म्हणतात, ते बहुतेक वेळा चूक असतं. क्लॉझोनेत पातळ तार उभी चिकटवून घरं करतात आणि त्यांत मिना भरतात. भिंगातून तार सगळीकडे एकाच जाडीची दिसते, कुठे कुठे तिची दोन टोकं भेटल्याची जागाही सापडते. फ्रेंच घड्याळांवर बहुधा ‘शांप्लव्हे’ असतं. त्यात धातूतच खळगे ओतलेले किंवा कोरलेले असतात, म्हणून मधल्या धातूच्या रेषा कुठे जाड तर कुठे बारीक होतात. दोन्ही सुंदरच, पण क्लॉझोनेचा भाव देऊन शांप्लव्हे घेऊ नका. फ्रान्समधल्या लोंग्वीची फायन्सची, म्हणजे चकाकी चढवलेल्या भाजक्या मातीची, घड्याळं आणखी वेगळी. तिथे मातीवरच काळ्या रेघांत रंग भरून मिन्याचा आभास केलेला असतो.

मागचं दार उघडा

इथेच खरी परीक्षा. मागची गोल झडप उघडली की पितळी पाट दिसतो. दुसऱ्या लाटेतल्या घड्याळात तो बहुतेक गोल असतो, आणि त्यावर कारखान्याचा छोटा वर्तुळाकार शिक्का: जापी फ्रेर, सॅम्युएल मार्ती, व्हँसांती वगैरे. जापी पूर्व फ्रान्समधल्या बोकूरचे. अर्धवट घडवलेली यंत्रं ते पॅरिसला पाठवत आणि तिथले घड्याळजी ती पुरी करत. शिक्क्यात प्रदर्शनाच्या पदकाचा उल्लेख आणि वर्ष असेल तर घड्याळ त्या वर्षाच्या आधीचं असूच शकत नाही. तबकडीवरचं नाव अनेकदा फक्त दुकानदाराचं असतं.

पाटावर दोन सुटे आकडे दिसतील, उदाहरणार्थ ‘४ ८’. ती लंबकाची लांबी: ४ पूस आणि ८ लीन्य. जुना फ्रेंच पूस सुमारे २७ मिलिमीटरचा, त्याचा बारावा भाग लीन्य. म्हणजे लंबक साधारण १२.६ सेंटीमीटर. जवळ आणखी एक क्रमांक असतो आणि तोच कधी लंबकाच्या गोळ्यामागेही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर लंबक याच यंत्राचा.

लंबक कशाला टांगलाय? रेशमाच्या दोऱ्याला असेल तर यंत्र साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचं. पातळ पोलादी पट्टीला असेल आणि तबकडीवर बाराच्या वर किल्लीचं बारीक भोक असेल तर ती ब्रोको पद्धत, नंतरची. टोल्यांसाठी मागच्या पाटावर खाचांचं चाक दिसलं तर तीही सहसा जुनी रचना. नंतरच्या यंत्रांत दातेरी पट्टी असते. या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळायला हव्यात. कवच १७५० चं म्हणायचं आणि आत जापीचा गोल शिक्का, हे गणित बसत नाही. अठराव्या शतकातलं यंत्र उघडायची वेळ आली तर घड्याळजीला मुख्य स्प्रिंग तपासायला सांगा. स्प्रिंग करणारे कधी तिच्यावर नाव आणि वर्ष कोरून ठेवत.

मग कवचातली भोकं मोजा. मॅरेज इथेच उघडं पडतं. यंत्र धरणाऱ्या पट्ट्यांच्या जागी जादा भोकं, बुजवलेली भोकं, तबकडीभोवती पत्र्याची कडी घालून भरलेली फट, तबकडीच्या किल्लीच्या भोकांमागे नीट मधोमध न येणारे चौकोनी दांडे, नुकतीच कापल्यासारखी पिवळीधमक कड. यापैकी एखादी खूण दुरुस्तीची असू शकते. तीन एकत्र आल्या तर विकणाऱ्याची गोष्ट कितीही रंगतदार असो, पाकीट खिशातच राहू द्या.

विकत घेण्याआधी मागायच्या गोष्टी थोड्या आहेत: मागच्या पाटाचा, तळाचा आणि लंबकाच्या मागच्या बाजूचा फोटो, चालतानाचा आणि टोल्यांचा व्हिडिओ, आणि पावतीवर काळ व साहित्य लेखी. ‘शैलीचं’ आणि ‘काळातलं’ हे दोन शब्द पावतीवर नीट वाचा. ‘पंधराव्या लुईच्या शैलीचं’ म्हणजे १८९० चंही असू शकतं.

घरी आणल्यावर चालवणं

प्रवासाआधी लंबक काढून वेगळा गुंडाळायचा. तो तसाच लटकत ठेवला तर टांगणीची पट्टी मोडते. घरी हलत नसलेल्या, सपाट जागी घड्याळ ठेवा. लंबक आकड्यात अडकवा, किल्ली हलक्या हाताने द्या. कोणत्या दिशेने फिरते ते आधी चाचपून बघा, जोर लावू नका. दोन भोकं असतील तर एक वेळेचं आणि एक टोल्यांचं. बहुतेक यंत्रं आठ दिवस चालतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून टाका.

आता कान द्या. ‘टिक... टॉक... टिक... टॉक’ यांत सारखं अंतर हवं. ‘टिकटॉक... टिकटॉक’ असं लंगडत असेल तर घड्याळ थोड्या वेळात थांबेल. बरेच जण अशा वेळी घड्याळाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवतात. चालून जातं, पण हत्ती तिरका दिसतो. गोल फ्रेंच यंत्राला बरा उपाय आहे: ते पुढच्या आणि मागच्या कड्यांमध्ये दोन पट्ट्यांनी आवळलेलं असतं. मागचे दोन स्क्रू किंचित सैल करा, तबकडीसकट यंत्र केसभर डावीकडे किंवा उजवीकडे फिरवा, ठोके सम झाले की स्क्रू घट्ट करा. बारा आकडा केसभर सरकला तरी नजरेला कळत नाही.

वेळ लावताना फक्त मिनिटकाटा, तोही पुढेच फिरवायचा आणि प्रत्येक अर्ध्या तासाला थांबून टोले पुरे होऊ द्यायचे. खाचांचं चाक असलेल्या घड्याळात टोले आणि काटे यांची फारकत होते, काटा चारावर आणि टोले सात. तासकाटा या यंत्रात नुसता दाबून बसवलेला असतो. तोच हळूच फिरवून वाजलेल्या टोल्यांच्या आकड्यावर आणा, मग मिनिटकाट्याने खरी वेळ लावा. घड्याळ मागे पडत असेल तर ब्रोको पद्धतीत बाराच्या वरच्या भोकात छोटी किल्ली घालून थोडं फिरवा. ‘ए’ अक्षराकडे म्हणजे जलद, ‘आर’कडे म्हणजे सावकाश. रेशमी टांगणी आपल्या पावसाळ्यात ओल धरते आणि वेळ मागेपुढे होते. तेवढ्यासाठी दोरा काढून पोलादी पट्टी बसवू नका, मूळ रचना त्याहून मोलाची आहे.

निगा आणि कागदपत्रं

दिवाळीच्या साफसफाईत या घड्याळाला चिंच, लिंबू, राखुंडी किंवा पितळ घासायची पावडर लागता कामा नये. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. एकदा घासलेला मुलामा परत येत नाही, आणि ती पिवळी लख्ख कळा पाहून जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, कास्याला हातमोजे घालून हात लावायचा, बस. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर काचेचं झाकण आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा. हिरवट डाग दिसू लागले तर स्वतः काही चोळण्यापेक्षा संग्रहालयाच्या वस्तू हाताळणाऱ्या संवर्धकाला विचारा. यंत्राला स्वयंपाकघरातलं किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका. ते धूळ धरतं आणि त्या मळाने आस झिजतात. चार-पाच वर्षांनी घड्याळजीकडून यंत्र उघडून साफ करून घ्या, आणि कवच त्याच्याकडे न नेता घरीच ठेवा.

परदेशातून मागवत असाल तर आधी कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटशी बोला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं शीर्षक ९७०६ आहे, आणि त्यात बसवायचं तर वयाचा लेखी पुरावा लागतो. घड्याळावर हस्तिदंताचा किंवा कासवाच्या पाठीचा तुकडा असेल तर ते सोडून द्या. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे आणि सीमेवर वस्तूच जप्त होऊ शकते.

उलट दिशेचाही नियम आहे. पुण्यातल्या आजोबांच्या घरचं घड्याळ अमेरिकेतल्या नातवाला द्यायचं असेल, तर १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आड येतो. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घड्याळ फ्रान्सचं आहे म्हणून आपोआप सूट मिळेल असं धरून चालू नका. वस्तू पुरावशेषात मोडत नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतं का, ते विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारा, आणि अर्जासोबत मागच्या पाटाचा तो शिक्क्याचा फोटो जोडा.